खांद्यावरचं बोट

देवळाली प्रवराच्या फाट्यावर पुंजाराम मिस्तरीचं पत्र्याचं गॅरेज होतं. पाटी नव्हती. ट्रकवाले, जीपवाले, उसाचे ट्रॅक्टरवाले, सगळ्यांना ते ठाऊक होतं. मिस्तरी एका वेळी एकच गाडी उघडायचा आणि ती मिटल्याशिवाय दुसरीकडं बघायचा नाही. कुणी घाई केली की म्हणायचा, "घाई आसंल तर बैलगाडी कर. तिला नट न्हाईत."

या माणसाला बारीक आवाज ऐकू येत नव्हता. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. त्याच्या लेकीला, भागिरथीला.

तरुणपणी तो साखर कारखान्यात फिटर होता. हंगाम सुरू झाला की वाफेची शिट्टी आणि गिअरची किरकिर महिनोन्‌महिने कानावर. कानात कापसाचे बोळे घालायचा, पण घामानं ते गळून पडायचे. आधी त्याला टिटवी ऐकू येईनाशी झाली. मग सायकलची घंटी. पुरुषांचं बोलणं, ढोल, इंजिनाची धडधड हे सगळं नीट यायचं. आवाज वरच्या पट्टीत गेला की तिथं नुसती पोकळी. बायको रतनबाई बारीक आवाजाची होती. तिचं बोलणं त्याला अर्धंच यायचं, मग तो अर्ध्याचंच उत्तर द्यायचा किंवा देतच नसे. तिला वाटायचं, नवरा मुलखाचा घुमा आहे. तसंच समजून ती गेली.

कारखाना सोडून त्यानं फाट्यावर गॅरेज टाकलं तेव्हा भागी शाळेत जायच्या वयाची होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली की ती गॅरेजात असायची. एकदा एका ट्रकचा पट्टा ओरडत होता. ड्रायव्हर म्हणत होता, "येतोय ना आवाज, मिस्तरी?" मिस्तरी म्हणाला, "येतोय की." आणि हात भलत्याच बाजूला घालून चाचपू लागला. पोरगी बघत होती. ती जवळ आली, बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. आवाज आला की तिनं बोट दाबलं, थांबला की उचललं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मिस्तरीला दोन मिनिटं काही उमगलं नाही. मग उमगलं, आणि त्या बोटाच्या मागं मागं जात त्यानं पट्टा पकडला.

ट्रक गेल्यावर ती म्हणाली, "आण्णा, तुमाला ती शीळ येत न्हाई ना?"

"कुनाला सांगू नको."

तिनं कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती बापाशी जाड, खालच्या आवाजात बोलू लागली. शेजारच्या बाया हसायच्या, "भागे, बापयावानी काय बोलतीस गं?" ती म्हणायची, "गळा तसलाच हाय."

पुढं सगळी वर्षं तसंच चाललं. इंजिन चालू, मिस्तरी बॉनेटमध्ये वाकलेला, भागी त्याच्या खांद्याला रेलून उभी. बोट दाबलं म्हणजे आवाज आहे. जोरात दाबलं म्हणजे वाढला. उचललं म्हणजे गेला. बघणारे म्हणायचे, आई नाही ना बिचारीला, बापाला चिकटून असते. मिस्तरी एकेक पुली, एकेक बेरिंग हातानं, पान्यानं, पाण्याच्या थेंबानं छेडत जायचा आणि खांद्यावरून उत्तर यायचं. कान तिचा, रोग ओळखणं त्याचं. तिला ताप असो, भूक लागलेली असो, खेळायला मैत्रिणी बोलवत असोत, आवाज गेल्याशिवाय तिनं बोट कधी उचललं नाही, आणि नसलेला आवाज कधी दाबून दाखवला नाही.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात कोपरगावचं स्थळ आलं. मिस्तरीच्या थोरल्या बहिणीनं, कलाबाईनं आणलं. मुलगा गोरक्षनाथ कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. सासरा रंभाजी बोलायला तिखट, पण घरात चूल पेटती होती, आणि त्या वर्षी तेवढं पुष्कळ होतं.

भागी म्हणाली, "मला एवढ्यात न्हाई करायचं."

"मग कवा?" कलाबाई म्हणाली. "आन् अशा काळ्या हातांनी भाकरी थापल्यावर सासू खाईल व्हय? न्हाई, ग्रीस लावलंय म्हनून घशाखाली लवकर उतरंल, ते निराळं."

बहीण झोपल्यावर मिस्तरी लेकीला म्हणाला, "तू जा. माझं मी बघतो."

"काय बघताल? कुनाचं बोट घेताल?"

"हातानं कळतं मला बरंच."

"बरंच. सगळं न्हाई."

"भागे, बहिऱ्याची पोरगी हाय असं त्यांना कळलं ना, तर उद्या नातवंडं बहिरी निघतील म्हनून स्थळ मोडत्याल. त्या रंभाजीला तर निमित्तच पायजे. मी बहिरा न्हाई. कळलं? तुझा बाप बहिरा न्हाई."

ती उठून हाताचं ग्रीस घासायला लागली.

लग्न गॅरेजपुढच्या मांडवात लागलं. माणसं मोजकी. गव्हाची लापशी आणि पाणी जपून. दुपार कलली तशी रंभाजीची घाई सुरू झाली, वरात दिवसाउजेडी कोपरगावात गेली पाहिजे. त्यांनी नवरा-नवरीसाठी भाड्यानं काळी अँबॅसिडर आणली होती. ड्रायव्हर श्रीमंत, रंभाजीच्या भावकीतला, तोंडात सतत विडा. भागीची ओटी भरली. ती मागच्या सीटवर बसली, शेजारी गोरक्षनाथ. बायांनी डोळ्यांना पदर लावले. श्रीमंतनं गाडी चालू केली.

मिस्तरीला इंजिनाची घुरघुर आली. चांगली होती. पण त्यानं बघितलं, एका म्हातारीनं कानावर हात ठेवला. बँडवाले हसायला लागले. गोरक्षनाथनं तोंड वाकडं केलं. मिस्तरीनं ओळखलं, वरच्या पट्टीतला आवाज आहे.

रंभाजी मोठ्यानं म्हणाला, "घ्या! पोरीच्या आदी गाडीच रडायला लागली. काय व्याही, मिस्तरीच्या दारात ही तऱ्हा?"

माणसं हसली.

"येताना बी वरडत हुती," श्रीमंत म्हणाला. "पन एवढी न्हाई."

"व्याही म्हनत्यात नुसत्या आवाजावरनं गाडीचं दुखनं सांगतो," रंभाजी म्हणाला. "सांगा की मग. आमी बी बघू."

सगळा मांडव मिस्तरीकडं बघू लागला. त्यानं नव्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि बॉनेट उघडलं. फिरता पंखा दिसत होता. पंखा, खालची पुली आणि बाजूचा डायनामो, तिघांना फिरवणारा एकच पट्टा दिसत होता. आवाज पट्ट्याचा असणार हे माणसांच्या तोंडावरून कळत होतं. पण कुठं, कसला, कधी वाढतो, कधी कमी होतो, यातलं काही कळत नव्हतं.

गाडीचं मागचं दार उघडलं. भागी उतरली. मुंडावळ्या, हिरवा चुडा, ओटीचं ओझं कमरेला.

"अगं ये!" कलाबाई ओरडली. "एकदा गाडीत बसल्यावर माघारी पाय काढतीस? काय अपशकुन करतीस गं!"

भागी थांबली नाही. येऊन बापाच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि हळदीचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. बोट दाबलेलंच होतं. घट्ट.

"ऱ्हाऊ द्या," कुणीतरी बाई म्हणाली. "आई न्हाई पोरीला. बापाला सोडवत न्हाई."

मिस्तरीच्या हाताला बळ आलं. त्यानं श्रीमंतला खूण केली, पायाचा दाब वाढव. इंजिन गुरगुरलं, बोट आणखी रुतलं. त्यानं तांब्यातल्या पाण्याचे चार थेंब पट्ट्याच्या आतल्या बाजूला उडवले. बोट क्षणभर ढिलं झालं, मग पुन्हा रुतलं. म्हणजे पट्टा घसरत होता. त्यानं इंजिन बंद करायला लावलं आणि पट्ट्यावरून अंगठा फिरवला. कडा काचेसारख्या गुळगुळीत, आणि त्यावर काळा चिकटा. त्यानं बोटाचा वास घेतला.

"श्रीमंत, राळ लावलीस?"

"लावली की. गुऱ्हाळाच्या इंजिनाला लावत्यात तशी. आमच्या चुलत्यानं जनमभर लावली."

"तुझ्या चुलत्याचा पट्टा चपटा. तो पुलीवर पालथा चालतो, राळेनं धरून बसतो. हा पट्टा खाचेत बसतो, दोन्ही कडांवर. इथं राळ लावली की दोन कोस गप बसतो, मग धूळ धरतो, कडा भाजत्यात, आन् आदीपरीस जास्त वरडतो."

"मग गप कसा बसला हुता चांगला?"

"पोराच्या तोंडात गूळ घातला की गप बसतं. पोट दुखायचं थांबतं का?"

या वेळी माणसं श्रीमंतला हसली. पण मिस्तरीचं मन तेवढ्यावर भरलं नाही. राळ मागून लावली, मुळात ओरडायला कशामुळं लागला? त्यानं डायनामोचे नट सैल केले, पट्टा उतरवला आणि एकेक पुली हातानं फिरवली. पंखा मोकळा होता. डायनामो जरा सुका. त्याच्या मागच्या भोकात तेलाचे थेंब सोडले. मग मांडवाची सुतळी तोडून त्यानं पुल्यांच्या तोंडावर ताणून धरली. खालची आणि पंख्याची पुली सुतळीला टेकली. डायनामोची पुली टेकली नाही, सुतळीच्या जाडीएवढी मागं होती.

"डायनामो कवा उतरवला हुता?"

"गेल्या महिन्यात. वायंडिंग करून आनलं."

"बसवताना ब्रॅकेटमागची वायसर राहिली. पट्टा तिरका चालतोय. तो रडंल न्हाई तर काय करंल."

डब्यातून वायसरची चकती काढून त्यानं बसवली, पुन्हा सुतळी धरली. तिन्ही पुल्या टेकल्या. पट्टा साबणाच्या पाण्यानं दोनदा पुसला, कोरड्या फडक्यानं रगडला, भाजलेल्या कडा पॉलिश कागदानं खरबरीत केल्या. पट्टा चढवून डायनामो मागं ओढला, अंगठ्यानं दाबून बघितला. अर्ध्या बोटाएवढा लवला. बरोबर होता. सगळ्या वेळात भागी हलली नव्हती.

"चालू कर."

इंजिन चालू झालं. खांद्यावर बोट दाबलेलं होतं.

त्याला नवल वाटलं. त्यानं गाडी बंद केली, नट तपासले, सुतळी तिसऱ्यांदा धरली. सगळं जागेवर. पुन्हा चालू. बोट दाबलेलंच.

मागं रंभाजीची कुजबुज चालली होती. ऊन उतरत होतं. मिस्तरीनं पाना डायनामोच्या नटाला लावला. अजून ताणला तर कसलाही पट्टा गप बसतो, ही आडमुठ्या मिस्तऱ्यांची रीत त्याला माहीत होती. पण ताणलेला पट्टा डायनामोचं बेरिंग खातो. शिर्डीच्या पुढं कुठं तरी अंधारात गाडी उभी राहिली असती, लेक आत बसलेली असताना. त्याचा अंगठा म्हणत होता, पट्टा बरोबर आहे. बोट म्हणत होतं, नाही. आजवर बोट खोटं निघालं नव्हतं. अंगठा दोन-चारदा निघाला होता.

त्यानं पाना काढला. पाण्याचे थेंब पट्ट्यावर उडवले. बोट होतं तसंच. श्रीमंतला दाब वाढवायला सांगितला. इंजिन गर्जलं. बोट होतं तसंच, ना जास्त ना कमी. गाडी बंद करून त्यानं पुल्यांना हात लावला. पट्टा घसरला की पुली हाताला चटका देते. या गार होत्या. त्यानं गाडी परत चालू करायला लावली.

पाण्यानं बदलत नाही, दाबानं वाढत नाही, तापत नाही. असा आवाज पट्ट्याला नसतो.

तो तसाच वाकून राहिला. मान वळवून तिच्याकडं बघायचं त्याला धाडस होईना.

श्रीमंतनं खिडकीतून डोकं काढलं. "मामा, आता काय हुडकताय? आवाज तर कवाच गेला की! लोन्यावानी चालतीय गाडी."

"आमाला बी तेच कळंना," रंभाजी म्हणाला. "आवाज गेला, तरी व्याही बॉनेटमधून भाईर निघंनात. ऐकू येतंय ना तुमाला?"

मिस्तरीच्या खांद्यावरचं बोट थरथरायला लागलं. ती काही तरी बोलणार, हे त्याला त्या थरथरीवरून कळलं. तिच्या तोंडून एक शब्द निघाला असता तरी सगळं उघडं पडलं असतं, त्याचा कान आणि तिची लबाडी, दोन्ही.

तो सरळ उभा राहिला. "येतंय की ऐकू," तो मोठ्यानं म्हणाला. "आवाज गेलाय हे मला बी ठावं हाय. पन लेक जातीय, व्याही. सोडवंना. म्हनून आपलं उगंच नट फिरवत बसलो."

रंभाजीचा चेहरा उतरला. तिखट माणूस, पण त्यालाही दोन लेकी होत्या. तो म्हणाला, "घ्या मग अजून घटकाभर," आणि तोंड फिरवून उभा राहिला.

घटकाभर घेऊन काय करणार होता? मिस्तरीनं खांद्यावरचा हात धरला आणि खाली घेतला. हळद आणि काळं तेल एकमेकांत मिसळलं होतं.

"झालं काम," तो म्हणाला.

ती खालच्या, जाड आवाजात म्हणाली, "उद्या कोन सांगंल, आण्णा?"

"कामं बदलीन. स्प्रिंगचे पाटे, गिअर, ब्रेक. ज्याला बारीक आवाज न्हाई ते घेईन."

"पट्ट्याचं काम तुमच्यावानी कुनाला येत न्हाई."

"भागे, गाडी तापती. बस."

ती बसली. गाडी निघाली. खिडकीतून तिनं तोंड बाहेर काढलं, तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. ती हाक मारत होती की नुसती रडत होती, हे त्याला कळलं नाही. त्या घटकेला तिला आवाज जाड करायची आठवण राहिली नसणार. त्याच्यापर्यंत इंजिनाची घुरघुर तेवढी आली, स्वच्छ, एकसारखी. कलाबाई शेजारी हुंदके देत होती. लेक काय म्हणाली हे तिला विचारावं, असं त्याच्या ओठांवर आलं. पण विचारलं असतं तर ती म्हणाली असती, तुला ऐकू आलं नाही का? त्यानं विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही.

पुढं त्यानं म्हटल्याप्रमाणं केलं. पाटे बांधले, ब्रेक केले. पट्टा ओरडतो म्हणून कुणी आलं की म्हणायचा, "पट्ट्याची कामं सोडली. नगरला जा, नागापूरला लई गॅरेजं झालीत आता." जुनी गिऱ्हाइकं चिडायची. फाट्यावर लोक बोलू लागले, लेक गेल्यापासून मिस्तरीचं कामावरचं मन उडालं. तो ऐकून घ्यायचा.

दिवाळीला भागी माहेराला आली. सासरी बरी होती. हात स्वच्छ झाले होते. ती चुलीपुढं असताना बाहेर एक जीप येऊन थांबली. तिनं तवा उतरवला आणि पदराला हात पुसत बाहेर आली. ड्रायव्हर म्हणत होता, "मिस्तरी, पट्टा लई वरडतोय. नगरपातुर जाववंना." बॉनेट त्यानंच उघडलं होतं. मिस्तरी वाकला नव्हता, हात मागं बांधून उभा होता.

भागी शेजारी येऊन उभी राहिली. तिचा हात वर आला.

मिस्तरीनं खांदा बाजूला घेतला.

"आत जा," तो म्हणाला. "पावनी हायस तू."

"आण्णा, एवढं एक."

"एवढं एक केलं की उद्या दुसरं येतं. परवा तू जानार."

"मग परवाचं परवा."

"न्हाई," तो म्हणाला. "एकदा सवय मोडलीय. पुन्ना मोडाय लावू नको."

तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग खाली आला. ड्रायव्हर बाप-लेकीकडं आळीपाळीनं बघत होता. मिस्तरीनं बॉनेट आपटून बंद केलं.

"नागापूरला जा, बाबा. हळू जा. पोचशील."

जीप रस्त्याला लागली. थोड्या वेळानं तिची धडधड त्याच्या कानातून गेली. पण भागी अजून तशीच उभी होती, मान जराशी तिरकी करून. तिला पट्ट्याचं ओरडणं ऐकू येत होतं. मिस्तरी तिच्या तोंडाकडं बघत राहिला. बऱ्याच वेळानं तिनं मान खाली घातली आणि चुलीकडं गेली. मग तोही पाने गोळा करायला वळला.